चित्राखालचें कापड

मुंबई-पुण्याच्या कित्येक जुन्या घरांतून दिवाणखान्याच्या भिंतीवर एखाद्या आजोबांचें तैलचित्र टांगलेलें असतें. पागोटें, उपरणें, चेहऱ्यावरचा करारीपणा सारें यथास्थित असतें. पण जवळ जाऊन पाहावें तों गालावर बारीक चिरा पडलेल्या, कपाळावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटूं लागलेला, आणि कोपऱ्यांत कापड सैल होऊन त्याला झोळ आलेला. घरची मंडळी रंगाला दोष देतात, अगर चित्रकाराच्या हाताला. वास्तविक पुष्कळदां दोष या दोहोंचाही नसतो. तो असतो रंगाखालीं दडलेल्या कापडाचा, आणि त्या कापडावर चित्र काढण्यापूर्वीं झालेल्या किंवा न झालेल्या संस्कारांचा.

तैलचित्र कापडावर काढण्याचा प्रघात युरोपांत पंधराव्या-सोळाव्या शतकांत रुळला. तत्पूर्वीं चित्रें लाकडी फळ्यांवर आणि भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर काढीत. व्हेनिस शहरीं समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेंत भिंतीवरचीं चित्रें टिकेनात. उलट त्या बंदरांत शिडाचें कापड मुबलक. व्हेरोनीझ या चित्रकारानें १५६३ सालीं पुरें केलेलें काना येथील विवाहभोजनाचें चित्र जवळजवळ १० मीटर रुंद व पावणेसात मीटर उंच आहे. एवढी फळी कोणता सुतार करून देणार? कापडानें ती अडचण दूर केली. पुढें राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्यासारख्या चित्रकारांनीं हीच पद्धति आपल्याकडे लोकप्रिय केली. गंमत अशी कीं, ज्या दमट हवेवर तोडगा म्हणून व्हेनिसनें कापड पत्करलें, तीच हवा मुंबईंत कापडाची परीक्षा पाहते.

प्रथम कापडाच्या निवडीचा विचार करावा. चित्रकारांचें आवडतें कापड म्हणजे लिनन. तें जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून होतें. विदर्भ-मराठवाड्यांत जवस पेरतात तें तेलासाठीं. धाग्यासाठीं वाढविलेले उंच वाण बेल्जम व उत्तर फ्रान्सच्या थंड, ओलसर भागांत होतात. लिननचा तंतु लांब व चिवट असल्यामुळें कापड ताण सोसतें आणि सहसा सैल पडत नाहीं. कापसाचा तंतु आंखूड. म्हणून सुती कापड अधिक ताणलें जातें व लवकर ढिलावतें. तरीही लहान चित्रांस जाड, घट्ट विणीचें सुती कापड चांगलें चालतें. साधा मांजरपाट मात्र फार पातळ पडतो. तागाचें तरट तर टाळावेंच. १८८८ सालीं फ्रान्समधील आर्ल गांवीं गोगँनें वीस मीटर तरट विकत घेतलें व त्यावर त्यानें आणि व्हॅन गॉगनें चित्रें रंगविलीं. परंतु ताग थोड्याच काळांत पिवळा पडून ठिसूळ होतो. कोणतेंही कापड घेतांना उजेडासमोर धरून पाहावें. वीण सारखी असावी, गांठी थोड्या असाव्या, आणि उभ्या-आडव्या धाग्यांमधून उजेडाचीं भोकें दिसूं नयेत.

यानंतर चौकट. तिच्या पट्ट्यांची आंतली कड उतरती तासलेली असावी. नाहींतर कापड तिला टेकून चित्रावर रेघ उमटते. कोपरे खिळ्यांनीं किंवा सरसानें कायमचे बंद करूं नयेत. त्यांत पाचरी ठोकण्यास खांचा असल्या म्हणजे पुढें कापड सैल झाल्यास पाचर हलकेंच ठोकून तें पुन्हां ताणतां येतें. धागे पट्टीशीं समांतर ठेवून प्रथम एका बाजूच्या मध्यावर चूक मारावी, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर. नंतर उरलेल्या दोन बाजू घ्याव्या, आणि असेंच आळीपाळीनें कोपऱ्यांकडे जावें. एका कोपऱ्यापासून आरंभ केला तर सुरकुत्या पडल्याच म्हणून समजावें.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जाऊन वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. या क्रियेंत आम्ल द्रव्यें उत्पन्न होतात, आणि तेल उघड्या कापडांत मुरलें तर तीं त्याचे तंतु हळूहळू जाळून टाकतात. कांहीं दशकांनीं तें कापड सुक्या पानासारखें मोडतें. ज्या झाडाचा धागा, त्याच झाडाचें तेल त्याचा नाश करतें! म्हणून रंग आणि कापड यांच्यामध्यें एक पडदा घालणें अवश्य आहे.

परंपरेनें हें काम प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस करीत आला आहे. एक भाग सरस बारा ते पंधरा भाग पाण्यांत रात्रभर भिजवावा व सकाळीं भांडें गरम पाण्यांत ठेवून विरघळवावा. तो उकळूं देऊं नये. उकळल्यानें त्याची चिकटण्याची शक्ति कमी होते. थंड झाल्यावर तो सैलसर दह्यासारखा जमतो. याच स्थितींत त्याचा पातळ हात कापडावर द्यावा, म्हणजे तो आरपार न जातां वरच राहतो. परंतु सरसाला एक मोठी खोड आहे. हवा कोरडी झाली कीं तो आक्रसून कापड तंबोऱ्याच्या तारेसारखें ताणतो. आषाढ-श्रावणांत तोच मऊ पडून फुगतो, आणि त्याला बुरशीही लागते. वर्षानुवर्षें चाललेल्या या ओढाताणींत जुना, कडक झालेला रंग साथ देऊं शकत नाहीं, आणि त्याला चिरा पडतात. आजोबांच्या गालावरच्या रेषा बहुधा अशाच जन्मलेल्या असतात. यासाठीं दमट प्रदेशांत सरसाऐवजीं आम्लरहित पी. व्ही. ए. चा हात देणें अधिक सुरक्षित.

या पडद्यावर येतें अस्तर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पांढरा थर. खडू व सरस यांचें अस्तर फळीवर शोभतें. लवचिक कापडावर तें तडकतें. सफेता तेलांत खलून केलेलें अस्तर कापडावर उत्तम टिकतें, पण त्यांतील शिसें विषारी आहे. मुलेंबाळें असलेल्या घरांत त्याच्या वाटेस न जावें. जस्ताचा सफेदा विषारी नसला तरी तेलांत तो कालांतरानें ठिसूळ होतो व वरचा रंग त्यावरून सुटतो. १९५० नंतरच्या दशकांत आलेलें अ‍ॅक्रिलिकचें अस्तर घरच्या कामाला सर्वांत सोयीचें. त्याखालीं सरस नसलेलाच बरा. दोन-तीन पातळ थर द्यावे, एक आडवा तर दुसरा उभा. प्रत्येक थर वाळल्यावर काचकागद हलकेंच फिरवावा, आणि शेवटच्या थरानंतर तीन दिवस तरी तैलरंग लावूं नये.

बाजारांत तयार कॅनव्हस सहज मिळतात व शिकाऊ हाताला ते पुरेसेही असतात. पण मुलीचें, वडिलांचें किंवा गुरुजींचें जें चित्र नातवंडांनीं पाहावें अशी इच्छा असेल, त्याच्यासाठीं हे चार दिवस खर्च करणें फुकट जात नाहीं. रंग चढला कीं ही मेहनत कोणास दिसणार नाहीं. पन्नास वर्षांनीं त्या चेहऱ्यावर चिरा नसतील, एवढीच तिची खूण.