जुने ऑइल काय सांगते?

जळगावची केळी आणि लासलगावचा कांदा घेऊन ट्रक मुंबईकडे निघाला, की अनेकदा कसारा घाट उतरावा लागतो. तिथे ड्रायव्हरच्या हुशारीइतकेच महत्त्व मागच्या अ‍ॅक्सलमधल्या, कधीच न दिसणाऱ्या गिअर ऑइलला असते.

अ‍ॅक्सलच्या मधोमध मोठा फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतो. तो इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांना देतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतो. आतले क्राउन-पिनियन प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासतात. म्हणून तिथे ८५डब्ल्यू-१४० सारखे घट्ट, जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते. नेमके कोणते आणि किती, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते.

जाणता मिस्त्री आधी गाडी थोडी फिरवून आणायला सांगतो. गरम ऑइल गाळ घेऊन बाहेर पडते. खालचा नट उघडण्यापूर्वी वरचा, ऑइल भरण्याचा नट सुटतो का, हे तो पाहतो. सगळे ऑइल सोडल्यावर वरचा नट गंजलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

जुने ऑइल फेकण्याआधी पाहावे. नटाच्या चुंबकावर मऊ काळा लेप असेल तर ती नेहमीची झीज. हाताला टोचणारे तुकडे निघाले तर आत काहीतरी तुटते आहे. रंग दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. नवे ऑइल भोकाच्या कडेपर्यंतच भरायचे.

खाणीतल्या काही टिपरच्या हबमध्येही गिअर असतात आणि त्यांचे ऑइल वेगळे. तिथे चाक फिरवून नट तळाशी आणायचा, ऑइल सोडायचे, मग खुणेपर्यंत चाक फिरवून भरायचे.

अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याची छोटी वाट, साफ हवी. ती चिखलाने बुजली, की आतला दाब हबच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ते ब्रेक लायनरवर पसरले, तर घाटात त्या चाकाचा ब्रेक धरत नाही. पुढे एसटी असते, दुचाकीवरचे कुटुंब असते. त्या साऱ्यांचे जीव ही ट्रकवाल्याकडची अमानत आहे.

काढलेले ऑइल नाल्यात ओतू नये. सरकारी नियमात तो घातक कचरा आहे; डब्यात साठवून ते परवानाधारकालाच द्यावे.