दाढीचा ब्रश कसा फिरवाल?

उंब्रजच्या एस.टी. स्टँडवर पहाटेच्या गाडीला उभ्या असलेल्या पुरुषांचे चेहरे एकदा नीट पाहावेत. कोणी तासवडे एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायला निघालेला, कोणी कराडला कामावर, तर कोणी साताऱ्याला कोर्टाच्या तारखेला. एखाद्याच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा रक्ताने चिकटलेला असतो, तरुण पोरांच्या गळ्यावर लालसर पुरळ असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "पाते बोथट होते." पात्यावर खापर फोडणे सोपे आहे. बहुतेक वेळा चूक त्याआधी, फेस लावतानाच झालेली असते.

कोरडा केस चिवट असतो. पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि सहज कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. फेसाचे काम म्हणजे ते पाणी केसाजवळ धरून ठेवणे आणि पाते सरकायला कातडीवर निसरडा थर देणे. म्हणून महागडी क्रीम घेऊनही ब्रशचे दोन फटकारे मारून मोकळा होणारा माणूस दिवसभर गाल चोळत बसतो.

चहाचे आधण ठेवताना ब्रश कोमट पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवावा. डुकराच्या राठ केसांचा ब्रश भिजून मऊ व्हायला वेळ घेतो. नायलॉनचा नुसता ओला झाला तरी चालतो. तोवर तोंड कोमट पाण्याने धुऊन ओलेच ठेवावे. आंघोळीनंतर दाढी केली तर फारच उत्तम. मग ब्रश एकदा हलकेच झटकावा. सगळे पाणी निथळू देऊ नये. शेंगदाण्याएवढी क्रीम ब्रशच्या टोकावर घ्यावी, किंवा साबणाच्या वडीवर ओला ब्रश अर्धा मिनिट गोल फिरवावा.

खरी गंमत पुढे आहे. प्रथम ब्रश गालावर लहान लहान वर्तुळांत फिरवायचा. केस एका बाजूला आडवे पडलेले असतात. गोल फिरवल्याने ते उभे राहतात आणि फेस मुळाशी पोचतो. हनुवटी आणि वरचा ओठ इथले केस सर्वांत राठ, म्हणून तिथे जास्त वेळ द्यावा. फेस कोरडा वाटला की ब्रशची टोके पाण्याला नुसती टेकवायची, ओतायचे नाही. असे दोन-तीनदा केले की फेस घट्ट दह्यासारखा, चकचकीत होतो. मोठमोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले किंवा साबण कमी पडला असे समजावे. शेवटी भिंतीला चुना द्यावा तसे वरखाली चार हात सरळ फिरवून थर सारखा करायचा. ब्रश दाबून केस फिसकटवू नयेत. टोकांनी काम होते, जोराने नाही.

बोअरचे पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि भांड्यात पांढरा साका बसतो. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून बसतात, त्यामुळे असे होते. ते पाणी उकळून, निवळून घेतले तर पुष्कळदा फरक पडतो. अंगाच्या साबणावर भागवणारेही बरेच आहेत. पण त्याचा फेस लवकर वाळतो. दाढीच्या साबणात पोटॅश वापरलेले असते, म्हणून तो टिकतो.

आपल्या अनेक घरांत हे कसब हौसेने आलेले नाही. उंब्रजहून कृष्णा ओलांडून गेले की मसूर लागते. 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेले बालभीमराव आणि त्यांच्यासोबतची घरातली मुले याच मसूर स्टेशनवर उतरली होती. तो प्रवास बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिला आहे. त्याच आठवणींत ते सांगतात की साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती. पण अस्पृश्याला वस्तरा लावायला कोणी तयार नव्हते. घरातल्या सर्वांची हजामत थोरली बहीण करी. पुढे नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा येईल त्याला सेवा देणारी जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. न्हाव्याचे दुकान त्यात आपोआप आले. ताईच्या हातची हजामत ते विसरले असतील असे वाटत नाही.

आज सलूनच्या खुर्चीवर बसणे हा आपला हक्क आहे, तो बजावावाच. बसताना पाते नवे घालायला सांगावे, संकोच करू नये. एकाच्या रक्ताचा अंश लागलेल्या पात्याने कावीळ ब आणि क दुसऱ्याला होऊ शकते. हाच नियम घरात. बाप-लेकांनी एक रेझर, एक तुरटीचा खडा वापरू नये. ब्रशही ज्याचा त्याचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरला होता, आणि 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणारे दाढीचे ब्रश बंद केले. आता तशी भीती बाळगायचे कारण नाही, पण ओला, कुबट ब्रश डबीत कोंडून ठेवणे घाणेरडेच.

मुलाला मिसरूड फुटले की बापाने एका रविवारी त्याच्या शेजारी आरशासमोर उभे राहावे. पोरगा विचारायला लाजतो आणि बाप पाळीवर असतो; मग पोरगा जाहिरात पाहून शिकतो. डब्यातला फवाऱ्याचा फेस आयता मिळतो खरा, पण नुसता गालावर थापला तर केस उभे करायचे काम राहूनच जाते. ज्या घरात बाप नाही तिथे मामाने, आजोबांनी, नाहीतर आईनेच हे सांगावे. यात बायकांनी लाजण्यासारखे काय आहे?

पाते केसांच्या दिशेने, हलक्या हाताने चालवावे. दुसरा हात मारायचा असेल तर पुन्हा फेस लावूनच; कोरड्या गालावर पाते ओढले की गळ्यावर ते पुरळ उठते. दाढी झाल्यावर गार पाणी, मग तुरटी. ब्रश साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावा, झटकावा आणि केस खाली करून खिडकीच्या खिळ्याला टांगावा. दोरा ओवायला भोक नसेल तर दांड्याला सुतळी बांधली तरी चालते.