पगाराची रेघ

सुमो कुस्तीतल्या योकोझुनाबद्दल, म्हणजे सर्वोच्च पदाच्या मल्लाबद्दल, आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते थांबेल. नाशिकच्या एका वाचकांनी मध्येच विचारलंय, ‘पोरं पंधराव्या वर्षी तालमीत येतात म्हणता, मग त्यांना पगार किती?’

पगार नाही. सहा श्रेण्यांपैकी वरच्या दोनच पगारी: माकुउचीत 42 मल्ल, ज्युर्योत 28. बाकी शेकडो पोरांचं राहणं-जेवण तालमीकडे, आणि दर दोन महिन्यांनी स्पर्धेचा भत्ता. 2019 साली ठरलेले दर सांगतो. ज्युर्योला महिन्याला 11 लाख येन. लगेच खालच्या माकुशिताला एका स्पर्धेमागे 1 लाख 65 हजार. म्हणजे दोन महिन्यांत तेरापट फरक, आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मल्लांच्या ताकदीत कधीकधी काडीचाही नसतो.

रेघ ओलांडली की सरावाची काळी सुती मावाशी (कमरेचा जाड पट्टा) जाऊन पांढरी येते, स्पर्धेत रेशमी. स्वतंत्र खोली मिळते, दिमतीला धाकटे मल्ल येतात. काल जो इतरांची जेवणं होईपर्यंत चांको, म्हणजे तालमीतलं जेवण, वाढत उभा होता, तो आज आधी जेवायला बसतो. पुढच्या स्पर्धेची क्रमवारी एरवी गुप्त असते. ज्युर्योत नव्याने चढणाऱ्यांची नावं मात्र स्पर्धा संपल्यावर तीनच दिवसांत जाहीर करतात, कारण बिचाऱ्यांना रेशमी मावाशी आणि मिरवणुकीचं भरजरी वस्त्र करून घ्यायचं असतं!

मला विचाराल तर, सगळ्यात जीव तोडून खेळली जाणारी कुस्ती या रेघेवरच बघायला मिळते. स्पर्धेच्या अखेरीस माकुशिताच्या शेंड्यावरचा मल्ल आणि ज्युर्योच्या बुडाशी लटकलेला मल्ल यांची गाठ घालून देतात. त्या लढतीपुरती माकुशितावाल्याची शेंडी वरच्या मल्लांसारखी, गिंको वृक्षाच्या पानाच्या आकारात बांधतात. कमरेला मावाशी मात्र काळीच.

आणि वरून खाली आलेल्याचं काय? तेरुनोफुजी हा मंगोलियन मल्ल 2015 मध्ये स्पर्धा जिंकून ओझेकी झाला, योकोझुनाच्या एकच पायरी खाली. मग गुडघे गेले, मधुमेहाने गाठलं आणि तो घसरत थेट पाचव्या श्रेणीत, जोनिदानात पोचला. सोडू द्या म्हणून तो गुरूंकडे पुन्हा पुन्हा गेला. गुरू इसेगाहामा स्वतः माजी योकोझुना. त्यांनी ऐकलं नाही. मार्च 2019 मध्ये ओसाकात, सकाळच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर, हा माजी ओझेकी काळी मावाशी नेसून कोवळ्या पोरांशी लढला. जुलै 2020 मध्ये माकुउचीच्या तळाशी परतला आणि ती स्पर्धाच जिंकला. वर्षभराने योकोझुना.

योकोझुनाला या घसरगुंडीची धास्ती नाही, त्याला खाली उतरवताच येत नाही. मग तो हरायला लागला तर काय करतात? पुढच्या आठवड्यात, आता नक्की.