‘विल’ लावले की भविष्यकाळ झाला?

इंग्रजीतला साधा भविष्यकाळ बनवायला फार सोपा आहे. मराठीत कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते: मी जाईन, तू जाशील, ती जाईल. इंग्रजीत कर्ता कोणीही असो, ‘विल’पुढे क्रियापदाचे मूळ रूप ठेवायचे: ‘आय विल गो’, ‘शी विल गो’. नकाराला ‘विल नॉट’, बोलताना ‘वोन्ट’. प्रश्न विचारताना ‘विल’ कर्त्याच्या आधी येते. प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा भेद जॉन वॉलिस यांनी १६५३च्या व्याकरणात नोंदवला होता. आता ‘शॅल’ मुख्यतः ‘शॅल वी गो?’ अशा विचारण्यापुरते उरले आहे. तरीही शिकणारे अडखळतात, ते रूपापाशी नव्हे, वापरापाशी.

याचे कारण असे की इंग्रजी क्रियापदाला भविष्याचा स्वतंत्र प्रत्ययच नाही. ‘विल’ मुळात इच्छादर्शक क्रियापद होते आणि आजही त्यातून बोलणाऱ्याची भूमिका कळते: अंदाज, वचन किंवा त्या क्षणी घेतलेला निर्णय. आधीच ठरलेल्या बेताला ‘गोइंग टू’ शोभते, तर गाडीच्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ या मराठी वाक्यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे; इंग्रजीत मात्र ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. उलट, फोन वाजल्यावर आपण ‘मी घेतो’ म्हणतो, तिथे इंग्रजीला ‘आय विल गेट इट’ लागते. म्हणजे मराठीतला काळ जसाच्या तसा उचलून चालत नाही.

नवशिक्याला एवढे बारकावे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण हा भेद मराठी माणसाला परका नाही. ‘मी पुण्याला जाणार आहे’ यात बेत ठरलेला आहे आणि ‘बरं, जाईन’ यात निर्णय आत्ताच झाला आहे, हे लहान मूलही ओळखते. अंदाज सांगताना ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ पुष्कळदा दोन्ही चालतात, हेही खरे. पण त्यामुळे फोनच्या प्रसंगातला फरक पुसला जात नाही. म्हणून सुट्या वाक्यांचे काळ बदलण्याच्या सरावाला प्रसंगांची जोड हवी. हे केव्हा ठरले आणि बोलणारा काय करतो आहे, हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर विद्यार्थी योग्य रूप स्वतः निवडू शकेल.