गप्पांच्या मैफलीत हरवलेला टीकाकार

ऑगस्ट २०२५ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेला आपल्या नव्या अल्बमची घोषणा करावयाची होती. त्यासाठी तिने पत्रकार परिषद बोलावली नाही, की एखाद्या नामांकित नियतकालिकाच्या प्रतिनिधीला मुलाखतीसाठी वेळ दिला नाही. तिचा प्रियकर ट्रॅव्हिस केल्सी आणि त्याचा थोरला भाऊ जेसन हे दोघे मिळून ‘न्यू हाइट्स’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम चालवीत होते. तेथे ती जाऊन बसली. हे दोघे भाऊ अमेरिकन फुटबॉलमुळे नाणावलेले आहेत, संगीताचे टीकाकार नव्हेत. सुमारे दोन तास तिघांच्या गप्पा रंगल्या आणि दहा लाखांहून अधिक लोक त्या एकाच वेळी यूट्यूबवर पाहत होते. आपल्या पहिल्या सहा अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क त्याच वर्षी परत कसे मिळविले, हेही तिने तेथेच सांगितले. थट्टा होती, कौतुक होते, गहिवरही होता. परका माणूस मात्र तेथे कोणी नव्हता. आणि कलावंताला अडचणीचे प्रश्न विचारण्याचे काम आजवर परक्या माणसानेच केले आहे.

अशा कार्यक्रमांना पॉडकास्ट म्हणतात. बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात फेब्रुवारी २००४ मध्ये हा शब्द सुचविला. ‘आयपॉड’ या खिशात मावणाऱ्या यंत्राचे नाव आणि प्रक्षेपणाचा वाचक ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द यांची ती जोडणी होय. त्या यंत्राचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. शब्द मात्र टिकला. येथे नभोवाणीसारखी ठरलेली वेळ नसते आणि स्वतंत्र प्रक्षेपण केंद्राचीही गरज नसते. दोन मित्र, दोन माइक आणि बोलण्याची हौस एवढे भांडवल पुरते. श्रोता आपल्या सवडीने, प्रवासात किंवा घरकाम करता करता, ते ऐकतो. पॉप संगीत, त्यातील तारे आणि एकूण लोकप्रिय संस्कृती हे या गप्पांचे आवडते विषय. असे कार्यक्रम आता मराठीतही निघत आहेत, आणि लोकलच्या डब्यात कानांत इअरफोन घालून बसलेले विद्यार्थी व नोकरदार या श्रोतृवर्गात मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ अमेरिकेचा म्हणून सोडून देता येत नाही.

या गप्पांनी काय गमावले याचा विचार करण्यापूर्वी त्यांनी काय मिळवून दिले, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. लोकप्रिय गाण्याकडे नाक मुरडून पाहण्याची परंपरा जुनी आहे. भारतात १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी त्यावर वाद घातला नाही; त्यांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. इंग्लंडमध्ये २७ डिसेंबर १९६३ रोजी ‘द टाइम्स’ या दैनिकात विल्यम मान या संगीत टीकाकाराने बीटल्सच्या गाण्यांचे विवेचन शास्त्रीय संगीताच्या परिभाषेत केले, तेव्हा पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. खुद्द जॉन लेननलाही त्यातील काही संज्ञांचा अर्थ उमगला नव्हता. तरी मान याची भूमिका मोलाची होती. जे लाखो लोक ऐकतात, तेही कान देऊन ऐकले पाहिजे, एवढेच त्याला सांगावयाचे होते.

हीच भूमिका केलेफा सॅनेह या टीकाकाराने २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जोमाने मांडली. गिटार घेऊन स्वतःचे गाणे गाणारा तेवढा खरा कलावंत आणि नृत्याच्या ठेक्यावर गाणारी ती बाजारू, हा भेद त्याने खोडून काढला. पॉडकास्ट हा शब्द आला तेही वर्ष हेच. पुढे २०१४ मध्ये नेट स्लोन हा संगीतशास्त्राचा अभ्यासक आणि चार्ली हार्डिंग हा गीतकार या दोन मित्रांनी ‘स्विच्ड ऑन पॉप’ सुरू केले. त्यांत गाणे लोकांना का धरून ठेवते, कोणता स्वर अपेक्षेपेक्षा उशिरा येतो, ध्रुवपद कोठे फिरते, हे ते वाजवून दाखवितात. एक सांगतो, दुसरा अडवतो. एक विद्वत्तेत शिरू लागला, की दुसरा त्याला जमिनीवर आणतो. छापील परीक्षणात हे शक्य नव्हते. शब्दांनी सुराचे वर्णन करणे आणि सूर ऐकवून त्याविषयी बोलणे यांत फरक आहे. मैत्री ही रसिकतेची उत्तम शिक्षिका आहे, हे अशा कार्यक्रमांनी सिद्ध केले. बहुतेकांना गाणे आवडू लागते ते कोणा टीकाकाराच्या शिफारशीने नव्हे. शेजारी बसलेला मित्र ‘हे ऐक’ म्हणतो म्हणून.

परंतु पॉडकास्टवरील मित्र हा शेजारी बसलेला मित्र नव्हे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच या प्रकाराचे विश्लेषण केले होते. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक श्रोत्याशी जणू समोरासमोर बोलत असल्याचा भास निर्माण करतात आणि श्रोत्याच्या मनात जवळीक उत्पन्न होते. मात्र ती जवळीक एकतर्फी असते, असे त्यांचे निरीक्षण होते. भारतीय श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ सादर करणाऱ्या अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत आप्तासारखा वावरत होता. सायानी मुंबईत बोलत, ध्वनिमुद्रण कोलंबोला जाई आणि श्रोता आपल्या गावी बसून ऐके. तरी अंतर जाणवत नसे. त्या कार्यक्रमाच्या नावातच मात्र टूथपेस्टचे नाव होते. पुरस्कर्ता कोण, हे लपलेले नव्हते. पॉडकास्टमध्ये जाहिरात पुष्कळदा गप्पा मारणारा मित्र स्वतःच, त्याच आवाजात आणि त्याच विनोदी ढंगात वाचून दाखवितो. गाण्याविषयीचे मत कोठे संपले आणि गादीची किंवा डबाबंद जेवणाची शिफारस कोठे सुरू झाली, हे कानाला चटकन उमगत नाही. जाहिरातदाराला नेमके हेच हवे असते. त्याने पैसे मोजलेले असतात ते वेळेसाठी थोडे आणि विश्वासासाठी अधिक. ऑगस्ट २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या मालकीच्या वंडरी या संस्थेने ‘न्यू हाइट्स’चे वितरणाचे हक्क घेतले, तेव्हा हा करार दहा कोटी डॉलरांच्या घरातला असल्याची वृत्ते अमेरिकन वृत्तपत्रांत आली होती. दोन भावांच्या घरगुती हास्यविनोदाला बाजारात आलेली ही किंमत आहे.

पैशापेक्षाही सूक्ष्म अडचण आणखी एक आहे. मॅट रॉजर्स आणि बोवेन यांग हे न्यूयॉर्क विद्यापीठातील दिवसांपासूनचे मित्र. २०१६ मध्ये त्यांनी ‘लास कल्चरिस्टास’ सुरू केले तेव्हा ते नवखे विनोदकार होते, तारांगणाकडे खालून पाहणारे. संस्कृतीतील न आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीवर प्रत्येकाने एका मिनिटात तुटून पडावयाचे, हा त्या कार्यक्रमातील लोकप्रिय भाग. त्यातील तिखटपणा हा बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा होता. पुढे यांग दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध झाला आणि २०२४ च्या ‘विकेड’ या चित्रपटात त्याने एरियाना ग्रांडे हिच्यासोबत भूमिका केली. तीच ग्रांडे या मित्रांच्या गप्पांत पाहुणी म्हणूनही येऊन गेली. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. गुणी माणसे वर चढली, एवढेच घडले. परंतु जो ताऱ्याविषयी बोलत होता तो ताऱ्याशी बोलू लागला, आणि त्याबरोबर त्याच्या शब्दांना नकळत वळण लागले. सहकलावंताच्या गाण्याला मित्र सुमार म्हणत नाही. म्हणू नये, हाच मैत्रीचा धर्म आहे. टीकाकाराचा धर्म मात्र निराळा आहे, आणि दोन्ही धर्म एकाच खुर्चीत बसून पाळता येत नाहीत.

पूर्वीचे सारे सोवळे होते, असा यावर आक्षेप येईल आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही, कारण पूर्वीही सारे सोवळे नव्हतेच. रेडिओवर तबकड्या वाजवून दाखविणारे अमेरिकन निवेदक ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडून पैसे घेत असल्याचे प्रकरण १९५९ मध्ये गाजले. १९६० मध्ये काँग्रेसच्या उपसमितीपुढे चौकशी झाली, कायदा दुरुस्त झाला आणि ॲलन फ्रीड या विख्यात निवेदकाने १९६२ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण या उदाहरणातूनच आजचा पेच स्पष्ट होतो. लाच हा व्यवहार असल्यामुळे तो पकडता येतो. त्याला नाव आहे, कलम आहे, दंड आहे. स्नेहाची पावती फाडली जात नाही. ताऱ्याने आपल्या मर्जीतल्या मित्रांकडे जाऊन हवे तेवढे बोलावे आणि त्या मित्रांनी मनापासून कौतुक करावे, यात गुन्हा कोणता? गुन्हा नाही, तरीही लोकांना जे कळावयास हवे ते कळत नाही. स्विफ्टचा ‘एराज’ हा दौरा मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ असा चालला. त्याचे १४९ प्रयोग झाले आणि तिकीटविक्री दोन अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. त्याच्या तिकिटांच्या विक्रीत नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालेल्या गोंधळानंतर अमेरिकन सिनेटच्या समितीने जानेवारी २०२३ मध्ये सुनावणी घेतली. एवढा मोठा उद्योग उभा करणाऱ्या कलावंताला तिकिटांच्या किमतीविषयी खोदून विचारणे ही प्रियकराकडून किंवा त्याच्या भावाकडून करावयाची अपेक्षा नव्हे.

ती अपेक्षा ज्यांच्याकडून करावयाची त्यांची जागा दरम्यान आक्रसत गेली आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या ब्रिटिश साप्ताहिकाचा छापील अंक मार्च २०१८ मध्ये बंद पडला. संगीत परीक्षणाच्या कठोरपणासाठी प्रसिद्ध असलेले ‘पिचफोर्क’ हे अमेरिकन प्रकाशन जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या मालकांनी पुरुषांसाठी चालविल्या जाणाऱ्या ‘जीक्यू’ या मासिकाच्या पंखाखाली घातले आणि अनेकांना नोकरीवरून कमी केले. या टीकाकारांच्या हातूनही अन्याय झाले; पुष्कळदा ते उद्धट आणि एकारलेले होते. पण त्यांना पगार देणारा ताऱ्याचा मित्र नव्हता, आणि ताऱ्याने त्यांना घरी जेवायला बोलावले नाही म्हणून त्यांचे लेखन अडत नव्हते.

मग करावयाचे काय? पॉडकास्ट ऐकू नये, असा उपदेश केसकरांच्या बंदीइतकाच व्यर्थ आहे. ऐकावे, पण कोण कोणाविषयी, कोणत्या नात्याने बोलत आहे, हे दर वेळी ओळखावे. गाणे उलगडून दाखविणाऱ्या मित्रांच्या गप्पा आणि ताऱ्याला घरी बसवून केलेल्या गप्पा कानाला सारख्याच गोड लागतात, म्हणूनच हा विवेक शिकवावा लागतो. ज्या शिक्षकांना आपले विद्यार्थी काय ऐकतात याची चिंता वाटते, त्यांनी एक साधा उपाय करून पाहावा. वर्गात असा एक कार्यक्रम ऐकवावा आणि त्यात न विचारलेले तीन प्रश्न मुलांना लिहावयास सांगावेत.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट श्रोत्याच्याच हातात आहे. महाराष्ट्रात गप्पांना कधी दुष्काळ नव्हता. शाळेची शिक्षकखोली, कचेरीतील चहाची वेळ, वसतिगृहाची गच्ची आणि गावोगावचे कट्टे येथे गाण्यावरून कडाक्याची भांडणे होत आली आहेत. त्या भांडणांत प्रत्येकाला तोंड होते, प्रत्येकाला उलट ऐकून घ्यावे लागे, आणि पुराव्याशिवाय केलेली स्तुती कोणी खपवून घेत नसे. दुसऱ्यांची मैत्री कानांनी ऐकत राहिल्याने एकटेपणा तेवढ्यापुरता हटतो. पण मत तयार होत नाही. ते तयार होते स्वतः बोलल्याने आणि कोणीतरी ‘मला पटत नाही’ असे तोंडावर सांगितल्याने. दोन प्रसिद्ध मित्रांच्या गप्पा ऐकून झाल्यावर ज्याला आपल्या अप्रसिद्ध मित्राशी त्याच गाण्यावरून वाद घालावासा वाटतो, त्याची रसिकता शाबूत आहे असे समजावे. टीकाकाराची रिकामी झालेली जागा काही अंशी तरी भरून काढण्याचे काम अशाच श्रोत्यांना करावे लागणार आहे.