तुरुंगांचा जमाखर्च

तुरुंग भरले म्हणजे देशांत गुन्हेगार वाढले, अशी पुष्कळ शहाण्यासुरत्या गृहस्थांचीहि समजूत असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आंकडे निराळीच गोष्ट सांगतात. सन २०१२ अखेर भारतांतील तुरुंगांत सुमारें ३ लाख ८५ हजार माणसें होतीं. २०२२ अखेर तीं ५ लाख ७३ हजार झालीं. या १ लाख ८८ हजारांच्या वाढींत शिक्षा झालेले कैदी किती? अवघे साडेपांच हजारांच्या आसपास! बाकीची जवळजवळ सर्व भर कच्च्या कैद्यांची, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाहीं अशांची आहे. शेंकडा ६६ असलेलें त्यांचें प्रमाण दहा वर्षांत ७६ वर गेलें. २०२३ अखेर एकूण संख्या ५ लाख ३० हजारांवर उतरली हें खरें; तरी शेंकडा ७३ कच्चेच होते.

ज्या पेढीवर वसुलीपेक्षां येणेंच दरसाल फुगतें, तिचा कारभार कसा चालला आहे हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. येथें तर थकलें आहे तें माणसाचें आयुष्य. २०२२ अखेर पांच वर्षांहून अधिक काळ निकालाची वाट पाहणारे अकरा हजारांवर होते. त्यांतील कोणी निर्दोष सुटला, तर गेलेलीं वर्षें त्यास कोण परत देणार?

कायद्याची उणीव आहे असें म्हणावें तर तेंहि नाहीं. सत्वर चौकशी हा घटनेच्या २१ व्या कलमांतील हक्क होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं हुसैनारा खातून खटल्यांत सांगितलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें ४७९ वें कलम तर असें आहे कीं, फांशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळतां, पूर्वीं कधींहि दोषी न ठरलेल्या आरोपीनें कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडींत काढल्यास त्याची सुटका व्हावी. आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याचें कर्तव्य तुरुंगाधिकाऱ्यावर आहे. मात्र अनेक खटले असलेल्यास ही सवलत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तुरुंगानें अशा पात्र कैद्यांची संख्या दरमहा प्रसिद्ध करावी, व किती अर्ज केले तेंहि सांगावें. वकीलमंडळींनीं व पतदार नागरिकांनीं जामिनास पुढें यावें. दारिद्र्य हा कोणत्याहि संहितेंत गुन्हा नाहीं. स्वराज्यांत त्याबद्दल कोणास तुरुंग भोगावा लागूं नये.