सांगकाम्यांना किती मोकळीक द्यावी?

२००२च्या ऑक्टोबरात इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकेतल्या गावांचा पूर आला. ‘रॅमबॉट’ नावाच्या प्रोग्रॅमने जनगणनेचे आकडे ठरावीक साच्यात भरून काही दिवसांतच तीस हजारांहून अधिक लेख तयार केले होते. कोणतेही पान उघडावे, तर एखादे अनोळखी खेडे समोर यायचे: लोकसंख्या इतकी, घरे इतकी, उत्पन्न इतके. संपादकांत मोठा वाद झाला. लेख टिकले, पण बॉट चालवण्याआधी परवानगी घ्यायची ही शिस्त याच वादांतून घडत गेली.

मराठी विकिपीडियावर बॉटला सांगकाम्या म्हणतात. एकाच विषयावरची निरनिराळ्या भाषांतली पाने एकमेकांना जोडण्याचे काम पूर्वी हे सांगकामे करत. २०१३पासून ते विकिडेटा या सामाईक माहितीसाठ्याने उचलले. अशा कंटाळवाण्या कामांबद्दल सहसा कोणी कुरकुर करत नाही.

सांगकाम्या स्वतः लिहू लागला की वाद पेटतो.

स्वीडनच्या स्वेर्कर योहान्सन यांच्या ‘एलएसजेबॉट’ने प्राणी, वनस्पती आणि भूगोल यांवर लक्षावधी लेख लिहिले. २०१३मध्ये स्वीडिश विकिपीडियाचा दहा लाखावा लेख त्याचाच होता, एका फुलपाखरावरचा. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया तर याच बॉटमुळे लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल गेला, तेही मूठभर संपादक असताना. काहीच नसण्यापेक्षा दोन ओळी बऱ्या, असे समर्थक म्हणतात. ही पाने वाचणार कोण आणि दुरुस्त करणार कोण, असे विरोधक विचारतात. लहान भाषांच्या बाबतीत हा प्रश्न फार खरा आहे: मूळ विदेत एक चूक असली, तर ती हजारो पानांवर पसरते आणि ती पकडायला माणसेच नसतात.

‘क्लूबॉट एनजी’ला मात्र लोकांनी आपलेसे केले. २०१०पासून तो इंग्रजी विकिपीडियावरचा खोडसाळ मजकूर ओळखतो आणि अनेकदा काही सेकंदांत काढून टाकतो. त्याच्या चर्चापानावर संपादकांनी कौतुकाची पदकेही लावली आहेत. तो चुकत नाही असे नाही. प्रामाणिक संपादनेही कधीकधी त्याच्या तावडीत सापडतात. पण चूक कळवायची सोय आहे, आणि एकाच सदस्याचे एकाच पानावरचे बदल तो एका दिवसात सहसा दुसऱ्यांदा उलटवत नाही. सदस्याने तोच बदल पुन्हा केला, तर तो राहू द्यायचा की नाही हे मग माणसे पाहतात. शिवाय प्रत्येक बॉटचा चालक कोण हे जाहीर असते, आणि बॉट भरकटलाच तर विकिपीडियाचे प्रचालक (ॲडमिन) त्याचे खाते ताबडतोब रोखू शकतात.